हो कुडो खरो मां?

मिरग लागून चार दिवस झाले होते. दुपारचे अडीच, लाईट गेलेली, बाजारात चिटपाखरू नाही. दुकानाच्या पायरीवर छत्री झटकून एक तात्या आत आले आणि त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्राची पुडी ठेवली. आमच्याकडे अशा पुडीत बहुतेक वेळा गोळ्यांची रिकामी स्ट्रिप असते. 'हीच दी' म्हणायचं आणि कागद उलगडायचा. मी हात पुढे केला, तर आतून निघाली झाडाची साल. बाहेरून राखाडी, खडबडीत, आतून फिकट तपकिरी, ओल अजून न गेलेली. चार तुकडे, त्यातला एक वाकून पन्हळीसारखा झालेला.

"बाय, हो कुडो खरो मां? बगून सांग."

तीस वर्षं मेडिकल चालवतेय. लोकांनी माझ्याकडे काय काय तपासायला आणलं त्याची यादी मोठी आहे, पण जुलाबावर उगाळून देतात ती कुड्याची साल पहिल्यांदाच आली.

"कोणाक होयो?"

"नातवाक. देड वर्साचो. काल सकाळपासून ढाळ लागलेत."

मी साल बाजूला सारली. "पाणी पिता काय?"

"पिता. पण पियाला काय लगेच जाता. म्हणान सुनेन पाणी तोडल्यान."

पाणी तोडणं. हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि वाटलं होतं, तो आमच्या आजीच्या पिढीबरोबरच गेला असेल. मग मी तात्यांना भराभर विचारत सुटले. रडताना डोळ्यांत पाणी येतं का, सकाळपासून लघवी झाली का, ढाळात रक्त किंवा शेंब आहे का, पोर सुस्त पडलंय की खेळतंय. डोळ्यांत पाणी येत होतं. लघवी एकदाच झाली होती. रक्त नव्हतं. चिडचिड करतंय म्हणाले, आणि ते ऐकून मला जरा बरं वाटलं, कारण चिडचिडणाऱ्या पोरापेक्षा गप्प पडलेल्या पोराची भीती जास्त. ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या काढून समोर ठेवल्या, अंधार पडायच्या आत पोराला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा म्हणून दोनदा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाकिटं पिशवीत टाकली आणि पुन्हा सालीकडे बोट केलं.

"पण ह्या?"

कॉलेजात फार्माकॉग्नोसीच्या, म्हणजे वनौषधी ओळखण्याच्या, प्रॅक्टिकलला कुर्ची बार्क हा हमखास येणारा नमुना. कुर्ची म्हणजे आपला कुडाच, बंगालकडचं नाव. ब्लेडने पातळ काप घ्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आत स्टोन सेल्सच्या रांगा, त्यांच्या पोटात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. ते चित्र मी फार सुंदर काढत असे. पण दुकानात सूक्ष्मदर्शक नाही, आणि सुटी साल नुसती डोळ्यांनी ओळखणं कठीण. झाडावर सोपं असतं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, लांब, बारीक, टोकं एकमेकांपासून सुटी. काळ्या कुड्याच्याही जोडीनेच, पण त्यांची टोकं चिकटलेली, चिमट्यासारखी. पांढऱ्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोड इंद्रजव. पोटाला लागतो तो पांढरा. बाजारात मात्र दोन्हींच्या साली सर्रास मिसळतात. तेव्हा तात्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता. उलट माझ्याकडे कुटजाच्या, म्हणजे कुड्याच्याच, गोळ्या मागणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाने आजवर 'यातला कुडा खरा का' असं विचारलेलं नाही.

आमच्या घरामागे, जिथे दगडी गडगा वळतो तिथे, एक कुडा होता. वैशाखात पांढऱ्या फुलांनी भरायचा. आई ती फुलं वेचून, उकडून, पिळून, कांदा-खोबरं घालून भाजी करायची. वर्षातून एकदा तरी पोटात गेली पाहिजे, असा नियम. दिवाळीला पहाटे सातविणीच्या सालीचा कडू रस आणि उन्हाळ्याच्या शेवटी कुड्याची भाजी. आमच्या भागात वर्षाचे दोन कडू घास असे ठरलेले असत.

मी आठेक वर्षांची असताना कापा फणसाचे गरे पोट फुटेस्तोवर खाल्ले आणि वर बावीचं, म्हणजे विहिरीचं, गार पाणी प्यायले. कोकणात हे कोणालाही सांगितलं तरी पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. रात्रीतून सात-आठ वेळा परसात जाऊन आले. उजाडल्यावर आजी कोयता घेऊन गडग्याकडे गेली, मी दारात बसून बघत होते. तिने झाडाच्या एकाच अंगाची टीचभर साल काढली. त्याच्या शेजारी जुन्या जखमेचा वण होता, त्याला हात लावला नाही. "भोवतीन काढलंस तर झाड मरता," ती म्हणाली. तेव्हा ते मला झाडावरची दया वाटली. पुढे वनस्पतिशास्त्रात कळलं की खोडाभोवती सालीचं पूर्ण कडं काढलं तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. आज औषधासाठी तोडणारे असे कडे काढूनच मोकळे होतात. आजीला ती साल पुढच्या वर्षीही लागणार होती.

मग सहाण. चंदनाची वेगळी आणि औषधाची वेगळी, दोन्ही जात्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या असत. तिने साल धुतली, तांदळाच्या धुवणाचे चार थेंब सहाणेवर टाकले आणि उगाळायला लागली. घर्र, घर्र. पातळ, पिवळट गंध तयार झालं. ते तिने बोटाने निपटून चमच्यात घेतलं, वर धुवण घातलं आणि माझं नाक धरलं.

कडू म्हणजे काय हे तोवर मला ठाऊक नव्हतं. कारलं कडू नाही, मेथी तर नाहीच. कुडा जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो आणि दुपारपर्यंत तिथून हलत नाही. "थुकू नको, गीळ." मी गिळलं. दिवसभरात असं तीनदा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोट जाग्यावर आलं आणि घरात सगळ्यांनी एकमुखाने निर्णय दिला: कुडो लागलो. मीही पुढे वीस वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले.

कुड्याबद्दल उगाच कोणी बोलत नाही, हेही खरं. आयुर्वेदात अतिसारावर, विशेषतः आव आणि रक्त पडत असेल तर, कुटज हे पहिलं नाव. कुटजारिष्टाची बाटली आजही माझ्या फडताळात असते: कुड्याची साल, मनुका, मोहाची फुलं, शिवणीची साल, गूळ, आणि आंबवायला धायटीची फुलं. युरोपातल्या औषधविक्यांना ही साल 'कोनेसी बार्क' किंवा 'तेल्लिचेरी बार्क' म्हणून ठाऊक होती, आणि त्यावरूनच सालीतल्या मुख्य अल्कलॉइडला, म्हणजे औषधी द्रव्याला, कोनेसीन हे नाव पडलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कलकत्त्याला रामनाथ चोप्रा यांच्यासारख्या औषधशास्त्रज्ञांनी तिच्यावर पद्धतशीर काम केलं. अमीबामुळे होणाऱ्या आवेवर कुर्चीची औषधं डॉक्टर मंडळी लिहून देत असत. पुढे शुद्ध कोनेसीन माणसांना देऊन पाहिल्यावर झोप उडणं, अस्वस्थपणा असे मज्जासंस्थेचे त्रास दिसले, आणि साठच्या दशकात मेट्रोनिडाझोल हे आवेवरचं नवं औषध आल्यावर कुर्ची मागे पडली. म्हणजे ही साल काम करते, आणि जी काम करते ती अपायही करू शकते. झाडपाल्याचा साइड इफेक्ट नसतो, असं मला दिवसातून दोनदा तरी कोणी ऐकवतं. ज्याचा कसलाच इफेक्ट नाही त्यालाच साइड इफेक्ट नसतो. पण हे काउंटरवर बोलून गिऱ्हाईक दुखावण्यात अर्थ नसतो.

आता जे मी वीस वर्षं सांगितलं नाही ते.

त्या दोन दिवसांत कुड्याचे चमचे सहा झाले असतील. पेजेच्या वाट्या किती झाल्या ते कोणी मोजलंच नाही. उकड्या तांदळाची पेज, चुलीच्या वैलावर सतत ठेवलेली. आजी करवंटीच्या डवल्याने वरची निवळ काढायची, त्यात मिठाची चिमूट टाकायची, जिभेवर थेंब ठेवून बघायची आणि वाटी माझ्या हातात द्यायची. "वायच वायच पी. एका दमान नको." प्यायले आणि ओकले, की ती तोंड धुवायची, थोडा वेळ जाऊ द्यायची आणि पुन्हा वाटी. रात्री झोपेतून उठवून वाटी. परसातून आले की दारातच वाटी. पितळेची, काठाला पोचा आलेली. तो पोचा ओठाला लागायचा, हे आत्ता लिहिताना आठवलं. तेव्हा या पेजेचं कोणाला कौतुक नव्हतं. पेज काय, रोजचीच.

बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आतड्याचा धडा होता. जुलाब लागल्यावर आतड्यातून पाणी नि मीठ बाहेर वाहत असतं, त्या वेळी नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ दिलं तर ते फारसं शोषलं जात नाही. पण मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही एकदम आले, तर आतड्याच्या पेशीत एक वाहक असतो, तो दोघांना हाताला धरून आत घेतो आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जातं. भयंकर पटकीतसुद्धा, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा, हा वाहक शाबूत असतो. सर फळ्यावर बाण काढत होते. तांदळाच्या पिठूळ पाण्यातला स्टार्च आतड्यात फुटून त्याचं ग्लुकोज होतं, असं ते सहज बोलून गेले, आणि मला वर्गात बसल्या बसल्या त्या वाटीचा पोचा ओठाला लागला.

या वाहकाच्या जोरावर १९७१ साली फार मोठी गोष्ट घडली. बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, माणसं जमिनीवर पडलेली. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला, ड्रम भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेले भरभरून पाजायला सांगितलं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला म्हणायचे 'ओरल सलाईन'. जिथे शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, तिथे ते प्रमाण चारांच्याही खाली आलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. कोणाची आई होती, कोणाचा भाऊ.

त्याही आधीची एक गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात आमच्या अंगणातलं एक झाड आहे. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पटकीच्या १८६ रुग्णांचा अनुभव लिहिला. तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी, उलटी थांबायला एक गोळी, आणि जुलाबासाठी कोलियस ॲरोमॅटिकसच्या पानांचा रस. हे कोलियस म्हणजे आपला पानओवा! तुळशीच्या बाजूला फुटक्या डब्यात लावतात, जाड, लवदार पानं, पावसात ज्याची भजी करतात, तोच. लॅन्सेटमध्ये पानओवा आहे हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग? भजी चांगलीच लागतत त्येची."

पुढे ढाक्याच्या संशोधन संस्थेत ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ वापरून ओआरएस करून पाहिलं. पटकीच्या रुग्णांत जुलाबाचं पाणी त्याने आणखी कमी पडतं असं दिसलं. उकडलेल्या कच्च्या केळ्याचीही तिथे चाचणी झाली आणि दिवसेंदिवस चालणाऱ्या जुलाबांत मुलांना त्याचा उपयोग झाला. कच्चं केळं आमच्याकडे कोणाच्या परसात नाही? डाळिंबाची साल, जांभळीची साल, भाजलेल्या आंब्याच्या कोयीतला गर ताकातून, कोरा चहा, या सगळ्यांचं मर्म त्यांच्या तुरटपणात, म्हणजे टॅनिनमध्ये. आतड्याच्या अस्तराला ते थोडं आवळून धरतं. मुरडशेंगेला तर नावच पोटातल्या मुरड्याचं, आणि ती दिसतेही पिळ घातलेल्या सुतळीसारखी. मोठ्या माणसाचं साधं पोट बिघडलं असेल तर यातलं काहीही घ्यावं, मीही घेते. कोयीचा गर मला आवडतोसुद्धा.

पण आजीकडेच सगळं होतं, असं मी लिहिणार नाही. आमच्या वाडीतलं एक पाळण्यातलं पोर ढाळांनी गेलं, त्याच वर्षी की पुढच्या, ते नक्की आठवत नाही. त्याचं पाणी तोडलं होतं. वरून घातलेलं खालून जातं, तर वरून घालायचंच नाही, असा तो सरळ हिशोब. पोर पाण्यासाठी ओठ चाटत होतं, असं नंतर बायका सांगायच्या. तीही परंपराच होती, आणि ती आजीच्या वाटीइतकीच जुनी. वाटी भरून ठेवणारं घर आणि वाटी काढून घेणारं घर यांच्यामध्ये एक गडगा होता फक्त. आजी त्या घरी गेली होती का, तिने सांगून पाहिलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती होती तोवर मला विचारायचं सुचलं नाही.

आणि स्वतः आजी काही सगळ्यात शहाणी नव्हती. बारशाच्या आधीपासून पोरांना बाळगुटी द्यायची. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही पोटात जाऊ नये हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. जायफळ तिचं लाडकं. पोर किरकिरलं, पोट ढिलं झालं, की सहाणेवर जायफळाचे दोन वेढे.

दोन. हा आकडा मी विसरले, माझी मुलगी दहा महिन्यांची असताना. तिला पातळ होत होतं, नवरा बाहेरगावी, बाहेर धो धो पाऊस. मी बी.फार्म. झालेली बाई, दुकानात औषधांनी भरलेली कपाटं, आणि मी सहाण काढली. किती वेढे घेतले ते मोजलं नाही. दहा असतील, बारा असतील. पोर झोपलं. मला वाटलं, गुण आला. चार तास झाले, पाच झाले, दूध प्यायला उठेना, उठवलं तरी डोळे वर फिरवून पुन्हा मान टाकी. रिक्षातून तिला घेऊन जाताना मला मिरिस्टिसिनची रचना आठवत होती, जायफळातला गुंगी आणणारा घटक, परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेला. डॉक्टरांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मुलगी बरी झाली, आता पुण्यात असते आणि जायफळ घातलेली पुरणपोळी खात नाही. दोन्हींचा संबंध नाही असं ती म्हणते.

मापाची चूक ही फक्त सहाणेवर होते असंही नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, तसं त्यावर छापलेलं असतं. पण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, अख्खं पाकीट चहाच्या कपात ओतून, चमच्याने ढवळून पोराला पाजताना. इतकं दाट, खारट पाणी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. म्हणून मी आता पाकिटाबरोबर विचारते, घरी लिटरची बाटली आहे? नसली तर दुकानातली रिकामी देते. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे चहाचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा तोच चमचा अर्धा, तोही सपाट. शीग भरलेला नाही. आमच्याकडे मीठ घालताना हात सैल असतो, तिथेच घात होतो. दुसरीकडे गोड, रंगीत पेयांच्या खोक्यांवर ओआरएस लिहून ते विकण्याची टूम निघाली होती. साखर भरमसाट, मीठ नावाला. २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला बंदी केली तेव्हा मला आमच्या दुकानातली शेल्फं आवरताना हलकं वाटलं. म्हणजे तीही खोकी मी विकली होती, हे आलंच.

सर्वांत जास्त मागणी असते ती 'पोट बांधायच्या गोळी'ची. एस.टी.त बसायचंय, लग्नाला जायचंय, बांधा. मोठ्या माणसाला एखादी मी देतेही. पण लहान पोराला नाही, आणि रक्त-आव-ताप असताना कोणालाच नाही, कारण जे बाहेर पडायला हवं ते आत कोंडून राहतं. गंमत म्हणजे हे काही नव्या डॉक्टरांनीच सांगितलेलं नाही. आम, म्हणजे न पचलेलं, असलेल्या अतिसारात सुरुवातीलाच स्तंभन, म्हणजे पोट बांधणं, करू नये, आधी लंघन-पाचन, असं चरकात आहे. आजीही पहिल्या दिवशी मला कोरा चहा देत नसे. "आदी घाण जावंदे," म्हणायची. चरक तिने वाचला नव्हता, तिला वाचताच येत नव्हतं.

आणि ही घाण येते कुठून, तर बहुतेक वेळा बावीतून. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आठ महिन्यांचं परसातलं, वाटेवरचं सगळं वाहून खाली येतं. ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जातो. पाण्याला वास आला की अर्धी वाडी वहाळाच्या झऱ्याचं पाणी भरायला जाते, म्हणजे जिथे टीसीएल नाही तिथलं. माझ्या दुकानात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओआरएसची पेटी संपते, ती दरवर्षी.

मोडशी हा शब्द आता म्हाताऱ्या तोंडांतच उरलाय. एकदम ढाळ-वांत्या लागून माणूस आडवा झाला की 'मोडशी झाली' म्हणत. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या पुस्तकात पटकीचं वर्णन करताना नोंदवलंय की इथले लोक तिला मोरशी म्हणतात. पोर्तुगिजांनी त्याचं मोर्देशी केलं, फ्रेंचांनी ते ऐकून 'मोर द शियां' केलं, म्हणजे त्यांच्या भाषेत कुत्र्याचं मरण. आपला पोटदुखीचा शब्द बोटीत बसून इतका लांब गेला आणि तिकडे जाऊन कुत्रा झाला. असो.

तात्या थांबले होते. साल काउंटरवर होती. लाईट अजून आली नव्हती.

आजीची एक परीक्षा होती, सूक्ष्मदर्शकाच्या आधीची. मी नखाने सालीच्या आतल्या बाजूचा कण काढला आणि जिभेवर ठेवला. पहिले दोन-तीन क्षण काहीच नाही, नुसतं लाकूड. मग ते आलं. जिभेच्या मुळाशी जाऊन बसलं. सत्तेचाळीस वर्षांनी.

खरा होता. आता हे यांना सांगावं की नको? मी खोटा म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. दीड वर्षाच्या पोराला, ज्याची लघवी सकाळपासून एकदाच झालीय, तिथे कडू चमचा गेला आणि पोर ओकलं तर पोटातलं होतं-नव्हतं पाणीही जाणार. पण तात्या माझ्या तोंडाकडेच बघत होते, आणि कुड्याचं तोंड लपवता येत नाही.

"खरो आसा," मी म्हटलं. "पण तो मोठ्या माणसाचो, तात्यानू. पोराक पाणी पायजे. ही पाकिटां, आणि पेज. पिता आणि जाता, तरी पिवंक देवचा. सुनेक सांगा, मेडिकलवालीन सांगितल्यान म्हणान. आणि आजच डॉक्टराक दाखवा."

"पेज चलता?"

"पेजेची निवळ. वायच मीठ घालून. आईचा दूध पिता तर ताही चालू."

त्यांनी मान हलवली. लिटरची रिकामी बाटली घेतली, छत्री उघडली आणि गेले. साल काउंटरवरच राहिली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली, पावत्यांच्या बाजूला. संध्याकाळपर्यंत जीभ कडू होती, चहासुद्धा लागला नाही.

पाचव्या दिवशी ते पुन्हा आले, स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला. मी आधी पोराचं विचारलं.

"बरो आसा. धावता. डॉक्टराकडे नेलंय त्याच दिवशी." आणि मग, हसून, "कुडो लागलो गो!"

मी ड्रॉवर उघडून चार तुकडे दाखवले. "कुडो तर हयच आसा."

"तो न्हय. घराकडे आणी होतो मां. उगाळलंय, दोन थेंब पेजेत घातलंय. नुसतो कसो पितलो तो? बाकी पेजच."

त्यांनी गोळ्यांचे पैसे मोजून दिले, नोटा नीट सरळ करून. पायरी उतरले, छत्री उघडायच्या बेतात थांबले आणि वळले.

"बाय, तुझी ती पाकिटां आणखी दोन दी. पोर आवडीन पिता."